खोबऱ्या आंब्याच्या अलीकडे

सरकारी मोटार आमच्या गावातून जात होती, पण गावात थांबत नव्हती. या वाक्यातला अन्याय ज्याला एकदम जाणवला नसेल, त्यानं ते कृपा करून पुन्हा एकदा वाचावं.

आमचं करंजखिंड पौडाच्या पुढं, मुळशीच्या रस्त्यावर. रस्ता गावाच्या पोटातूनच चढत जातो. एका अंगाला हैबतराव पाटलांचा गोठा, दुसऱ्या अंगाला माझा गुरांचा सरकारी दवाखाना, आणि मधून मोटार. ती इतकी खेटून जायची, की तिची धूळ माझ्या औषधाच्या बाटल्यांवर बसे आणि आतला उतारू जांभई देत असला तर त्याची दाढ किडली आहे की नाही हे मला ओसरीवरून दिसे. थांबा मात्र चढ संपवून, पलीकडचा उतार उतरून, ओढ्याची फरशी ओलांडून, माळावर खोबऱ्या आंब्याखाली. तिथं घर नाही, विहीर नाही, माणूस नाही. मग थांबा तिथंच का? तर मोटारी सरकारनं आपल्याकडे घेतल्या तेव्हा थांबे ठरवायला आलेल्या साहेबाला त्या आंब्याखाली भूक लागली आणि त्यानं डबा सोडला. हे मला पाटलांनी सांगितलं. पाटील सांगतात ते सगळं खरं असतं असं मी म्हणणार नाही, पण याहून बरं कारण मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

माझं नाव दत्तात्रेय उकिडवे. आडनावात हसण्यासारखं काहीही नाही. मी दवाखान्याचा प्रमुख होतो, म्हणजे दवाखान्यात मी एकटाच होतो. आणि एक सांगतो, सरकारी मोटारीची बाजू गावात घेणाराही मी एकटाच होतो. पूर्वीची खाजगी सर्व्हिस मोटार कोंडिबा नावाचा ड्रायव्हर चालवायचा. कुणी शेतातून हात केला की हा थांबे. कुणाचं जेवण व्हायचं असलं की थांबे. एकदा तर मोटार उभी करून तो कुणाच्या साखरपुड्याला जाऊन आला होता, आणि उतारूही त्याच्याबरोबर पंगतीला बसले होते. ती मोटार बंद झाली तेव्हा गावानं सुतक पाळावं तशी तोंडं केली. मी मात्र पारावर उभा राहून सांगितलं, "स्वतंत्र देशात गाडी ठरल्या वेळी निघाली पाहिजे आणि ठरल्या जागीच थांबली पाहिजे. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

हे वाक्य गावानं जपून ठेवलं होतं.

तर भाद्रपदात, गौरी उठल्यावर, माझे सासरे आम्हाला भेटायला निघाले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊनही ते रेल्वेतच असतात. पिठलं पातळ झालं तरी "रेल्वेत असं चालत नसे" म्हणतात. अशा माणसाला मी कौतुकानं कळवून बसलो होतो, की मोटार अगदी आपल्या दारावरून जाते. दारावरून जाते, दारात थांबत नाही, हे कळवायचं राहिलं.

त्या दिवशी मी आणि आमची सिंधू ओसरीवर उभे. मोटार आली. खिडकीत नाना दिसले. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना पाहिलं. मी हात हलवला. नानांनी हलवला. आणि मोटार तशीच चढावर निघून गेली. जाताजाता नानांचा चेहरा बदललेला मला स्पष्ट दिसला.

आत काय झालं ते मागाहून कळलं. नाना ओरडले, "अरे थांबव, माझा जावई मागं राहिला!" कंडक्टर म्हणाला, "थांबा न्हाई." नानांनी उठून स्वतःच घंटीची दोरी ओढली. आता एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. नानांनी संतापानं इतक्या ओढल्या की ड्रायव्हरला वाटलं, आज काहीतरी फारच घाई आहे. त्यानं वेग वाढवला.

खोबऱ्या आंब्याशी उतरून नाना ट्रंक घेऊन परत चालत निघाले. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. शेवाळ होतं. मी धावत पोचलो तेव्हा नाना फरशीवर बसलेले होते, ट्रंक पाण्यात उघडी पडली होती आणि लेकीसाठी आणलेले बेसनाचे लाडू ओढ्यातून खाली चालले होते.

"म्हशीसाठी मी मेल उभी केलेली आहे!" नाना पाण्यातूनच गरजले. "एका म्हशीसाठी! आणि ही तुमची मोटार सासऱ्यासाठी थांबत नाही?"

मोटार माझी नव्हती, हे त्या घटकेला सांगण्यात अर्थ नव्हता.

कंबर शेकून घेऊन नाना दुसऱ्या दिवशी परत निघाले, आणि निघताना ओसरीवर उभं राहून, समोर पाटील ऐकताहेत हे नीट पाहून म्हणाले, "जावईबापू, मुलगी माझ्याबरोबर येते. ज्या दिवशी ती मोटार या दारात उभी राहील, त्या दिवशी ती मोटारीतून उतरेल. तोवर नाही." मी सिंधूकडे पाहिलं. ती पिशवी भरत होती. "नानांची कंबर धरली आहे. त्यांना एकट्यानं कसं पाठवू?" एवढंच ती म्हणाली. एवढ्यावरून मी काय समजायचं?

संध्याकाळपर्यंत बातमी साऱ्या गावाला कळली होती. शेजारच्या सारजाबाई भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. भाकरी चांगली होती. तिच्याबरोबरचं बोलणं चांगलं नव्हतं.

"डाक्तर, बायको गेली म्हनं?"

"गेली नाही. माहेरी गेली आहे."

"त्येच की. मोटारीपायी."

"सारजाबाई, तसं काही नाही."

"न्हाई कसं? समद्या गावानं ऐकलंया. जेवा तुमी. बारीक व्हताल."

झालं. मी त्याच क्षणी ठरवलं, की मोटार गावात थांबवायची. माझ्यासाठी नव्हे. गावासाठी, तत्त्वासाठी. तत्त्व कोणतं ते मी नंतर बघणार होतो.

पहिली चूक केली ती म्हणजे गावाला सल्ला विचारला. दवाखान्यापुढं बैठक बसली. हैबतराव पाटील फेट्याचा शेमला सारखा करत म्हणाले, "डाक्तर, तुमीच म्हनला व्हता नव्हं, गाडी ठरल्या जागीच थांबाया पायजे? शिस्त का काय ती?"

"जागा नीट ठरलेली असली तर, पाटील. ही जागाच चुकीची ठरली आहे."

"बरूबर हाय. मग माज्या दाराम्होरं ठरवा."

"पाटील, तिथं तुमचा गोठा आहे."

"मग? उतारू काय बैलास्नी घाबरत्यात?"

वरच्या आळीचं म्हणणं पडलं, की थांबा चढाच्या माथ्यावर पाहिजे. खालच्या आळीनं सांगितलं, की असं झालं तर आम्ही मोटारीत पायच ठेवणार नाही. पायच ठेवणार नाही म्हणणाऱ्यांत असे बरेच होते, ज्यांनी आजवर ठेवलाच नव्हता. कोंबड्या आणि अंडी घेऊन पौडाच्या बाजाराला जाणाऱ्या गोजराबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा कशापायी वो? मुळशीकडनं येताना पलीकडच्या चढाला गाडी मुंगीवानी चालती. तवा चढायचं."

"चालत्या मोटारीत?"

"मग काय? कोंबड्या आदी आत टाकायच्या. मागनं आपन."

तेव्हा मला कळलं, की गावाला थांब्याची गरजच नव्हती. अर्धं गाव चालत्या मोटारीत चढत होतं आणि चालत्या मोटारीतून उतरत होतं. खोबऱ्या आंब्यापर्यंत जाऊन कायदेशीरपणे पाण्यात पडणारे आम्हीच तेवढे, म्हणजे मी आणि माझी सासुरवाडी. नियम पाळण्याची शिक्षा या देशात अशी हातोहात मिळते.

तरी शेवटी मीच सांगितलेली जागा ठरली. दवाखान्यासमोर रस्ता जरा रुंद आहे. पाटलांनी मान्यता दिली, कारण तिथून त्यांचं दारही दिसत होतं.

मग मी पुण्याला मोटारखात्याच्या कचेरीत गेलो. कसा गेलो ते विचारू नका; खोबऱ्या आंब्याशी जाऊन गेलो. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, थांब्याचं काम शेजारच्या टेबलावर. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ चहाला गेले होते. ते आले तेव्हा पहिले चहाला गेले. ते दोघे एका वेळी जागेवर आल्यावर कळलं, की नवा थांबा म्हणजे साहेबांचं काम. साहेबांना मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तुमच्या गावाहून उतारू किती बसतात?" ते म्हणाले.

"एकही नाही, साहेब."

"मग थांबा कशाला?"

"थांबा नाही म्हणून बसत नाहीत!"

"असं तुम्ही म्हणता. पण उतारू असल्याखेरीज थांबा देता येत नाही. उतारू दाखवा."

"थांबा नसताना उतारू कुठं दाखवू? झाडावर?"

हे जरा मोठ्यानं बोललो. कचेरीतले सगळे बघायला लागले. गुराढोरांत राहून माझा आवाज मोठा झालेला आहे हे मला मान्य आहे, पण माझं म्हणणं चूक होतं का? साहेबांनी डोळे उघडले. "उकिडवे, बसून बोला," असं ते म्हणाले आणि मागं कुणीतरी खुसकन हसलं. असल्या विनोदांवर मी शाळेपासून हसत नाही. पण साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी सांगितलं, की एक इन्स्पेक्टर पाठवतो. तो मोटार तुमच्या गावात उभी करील आणि खरोखरीचे उतारू आहेत का ते पाहील.

गावात येऊन मी दारोदार फिरलो. गुरुवारी सकाळी सगळ्यांनी दवाखान्यापुढं उभं राहायचं. सगळे हो म्हणाले. इतके चटकन हो म्हणाले, की माझ्यासारख्या अनुभवी माणसानं तेव्हाच घाबरायला हवं होतं.

गुरुवारी बघतो तो काय, अख्खं गाव रस्त्यावर. हैबतराव पाटील लग्नातला कोट घालून. सारजाबाई नथ घालून. डोंगरावरच्या वाडीतून धाकलू आणि त्याची बायको कृष्णाबाई हिरड्याचं ओझं घेऊन उतरलेली. एकानं तर आजारी रेडकू आणलं होतं. दवाखाना उघडा दिसतोय तर एका कामात दोन कामं व्हावीत म्हणून. मुळशीकडून मोटार आली आणि आमच्यासमोर थांबली. खरंच थांबली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. आतून इन्स्पेक्टर जयसिंगराव उतरले. मिशा मोठ्या, आवाज बारीक. त्यांनी पहिल्यांदा पाटलांनाच विचारलं.

"कुठं जायचं आपल्याला?"

"मला? कुटंच न्हाई."

"मग इथं का उभे?"

"डाक्तर म्हनलं हुबं ऱ्हावा. म्हून हुबा हाय."

जयसिंगरावांनी सारजाबाईंकडे पाहिलं. "आणि बाई, तुम्ही?"

"मी बगाया आलीया."

"काय बघायला?"

"तुमास्नी."

मोटारीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मी घाईघाईनं पुढं होऊन सांगायला लागलो, की हे गैरसमजानं बोलताहेत. पण पाटलांना आता मला मदत करण्याची हुक्की आली. त्यांनी जयसिंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्येचं असं हाय साहेब, आमच्या डाक्तरांची बायको माहेरी गेलीया. गाडी हितं थांबल्याबिगर ती काय येत न्हाई. गडी लई वाळला बगा. तेवडं थांबा द्या म्हंजे झालं."

मोटारीत जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. त्या मोटारीत पौडाच्या मामलेदार कचेरीतले दोन कारकून होते, म्हणजे ही गोष्ट दुपारपर्यंत तालुकाभर जाणार हे ठरलंच. माझे कान तापले. जयसिंगराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "म्हणजे एका माणसाच्या बायकोसाठी थांबा?"

तेव्हा कृष्णाबाई पुढं आली. डोंगरातली बाई, सहसा तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "एकाच्या बायकोसाटी कशापायी? आवंदा माजी सून अडली तवा तिला डालात घालून त्या आंब्यापतूर न्हेली. फरशीवं ढोपरभर पानी. गाडी गेली निगून. मग तितंच आंब्याखाली बाळात झाली. ह्या डाक्तरांचीच बायको व्हती संगं, म्हून दोगं वाचली."

कुणी हसलं नाही. मला हे ठाऊक होतं, म्हणजे सिंधू त्या दिवशी भिजून आली होती आणि "मुलगी झाली" असं म्हणाली होती हे ठाऊक होतं. बाकीचं मी इन्स्पेक्टरबरोबरच ऐकलं.

कृष्णाबाईनं ओझं उचललं आणि ती मोटारीत चढली. धाकलू चढला. मग आणखी पाचसहा जण चढले. कुठं जायचं ते त्यांनी चढल्यावर ठरवलं.

थांबा मंजूर झाला! पण मंजूर कसा झाला ते ऐका. मुळशीकडून पुण्याला जाताना मोटार आमच्या गावात थांबेल. पुण्याकडून येताना थांबणार नाही. का? तर येताना गावात चढ आहे. मोटार चढावर उभी केली तर पुन्हा निघायची नाही. म्हणजे आमच्या गावातून बाहेर जाता येईल, परत येता येणार नाही. मी जयसिंगरावांना विचारलं, "माणसानं जाऊन तिकडंच राहायचं काय?" ते म्हणाले, "येताना खोबऱ्या आंबा आहे की."

अर्ध्या थांब्याचं करायचं काय? मी संतापानं त्याच थांब्यावरून मोटारीत बसलो आणि दसऱ्याच्या आधी सासुरवाडीला जाऊन थडकलो. नानांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते मला बोलतील. पण "चढावर गाडी निघत नाही" हे ऐकताच नाना पाटावरून उठून उभे राहिले. कंबर विसरले.

"चढावर निघत नाही? जावईबापू, बोरघाटात आम्ही अख्खी गाडी चढवत होतो! पुढं एक इंजिन, मागं एक इंजिन. मागच्याला बँकर म्हणतात. मागून रेटा दिला की झालं. तुमच्या गावात माणसं आहेत ना?"

"आहेत. बघ्यांची तर मुळीच कमी नाही."

"मग चला. मी थांबवून दाखवतो आणि काढूनही दाखवतो!"

सिंधू तोवर पिशवी भरून उभी होती. आम्ही तिघं मोटारीत बसलो. खोबऱ्या आंब्यापर्यंतची तिकिटं काढली. नाना ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. ड्रायव्हरचं नाव भिवाजी. गरीब, घाबरट, मान खाली घालून गाडी हाकणारा माणूस. करंजखिंडीचा चढ लागला, दवाखाना दिसला, आणि नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाल झेंडा काढून भिवाजीच्या तोंडासमोर धरला आणि शिट्टी फुंकली.

लाल झेंडा आणि शिट्टी म्हटल्यावर कुठलाही ड्रायव्हर जे करील तेच भिवाजीनं केलं. त्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. वरच्या टपावरच्या करंड्या पुढं आल्या. आतले उतारू एकमेकांच्या मांडीवर गेले. आणि माझ्या दवाखान्यासमोर, माझ्या दारात, माझी बायको मोटारीतून उतरली. सारजाबाई धावत आल्या आणि त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

भिवाजी म्हणत होता तेच खरं ठरलं. गाडी निघेना. इंजिन घरघरे, गाडी थरथरे, आणि जागेवरच. "बँकर!" नाना ओरडले. पाटील, धाकलू, सगळ्या आळ्या गाडीच्या मागं लागल्या. नाना खाली उतरून, हिरवा झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. शिट्टी झाली. गावानं जोर लावला. गाडी हातभर वर गेली. मग पाटलांना शिंक आली. दरवेळी असं का होतं मला ठाऊक नाही, पण पाटील शिंकले की सगळे बघायला थांबतात. गाडी मागं आली. माणसं बाजूला पळाली. गाडी हळूहळू, अगदी अदबीनं माझ्या दवाखान्याच्या आवारात शिरली आणि जनावरांना औषध पाजायला जो लाकडी खोडा मी सरकारकडून मोठ्या मिनतवारीनं करून घेतला होता, त्यात तिची मागची शिडी जाऊन अडकली.

त्या खोड्यात म्हैस, बैल, एकदा हट्टी घोडं, सगळं उभं केलं होतं. मोटार पहिल्यांदाच.

पाटलांच्या गोठ्यातले बैल येऊन तिला ओढून चढाच्या माथ्यावर नेईपर्यंत दुपार टळली. तोवर उतारूंनी आमच्या ओसरीवर चहा घेतला, सिंधूनं पोहे केले, गोजराबाईंनी अंडी विकली. जाताना सगळे आनंदात होते. एकटा भिवाजी रडवेला होता. "डाक्तर," तो म्हणाला, "थांबा नसताना गाडी हुबी केली. वर शिडी मोडली. नोकरी जाती आता. घरी चार तोंडं हायेत."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याची चौकशी लागली. मला आणि नानांना बोलावणं आलं नव्हतं, पण आम्ही ठरवलं, जायचं. माझ्या खात्यात हे कळलं असतं तर माझीही बदली कुठल्या कुठं झाली असती. रात्रभर मी कुशी बदलल्या आणि सकाळी तरी निघालो. सिंधू म्हणाली, "मीही येते." दारातल्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो, तर तिथं सगळं गाव उभं.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"तुमच्यासंगं," पाटील म्हणाले. "त्या भिवाजीनं माज्या बैलांस्नी जाताना हात जोडलं. असा मानूस घालवायचा न्हाई."

साहेबांच्या खोलीत पन्नास माणसं मावत नाहीत. त्या दिवशी मावली. भिवाजी कोपऱ्यात उभा होता. साहेबांनी विचारलं, "गाडी कुणाच्या सांगण्यावरून थांबवली?"

मी पुढं झालो. "साहेब, माझ्यासाठी थांबली. शिक्षा करायची तर मला करा."

"चूक!" नाना म्हणाले. "झेंडा माझा होता."

"म्या हात केला व्हता," सारजाबाई म्हणाल्या. त्यांनी तसलं काहीही केलं नव्हतं.

"माजा बैल आडवा गेला," पाटील म्हणाले.

"माज्या कोंबड्या," गोजराबाई म्हणाल्या.

मग दहा जण एकदम बोलायला लागले. ज्यानं त्यानं गाडी थांबवली होती. एकानं रेडकानं थांबवली म्हणून सांगितलं. जयसिंगराव खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "पुरे! भिवाजी, जा कामावर. आणि यांना चढाच्या खाली, सपाटीवर, येताना-जाताना दोन्हीकडचा थांबा द्या. पण आधी यांना इथून न्या!"

आम्ही जिंकलो! परतीच्या मोटारीत जागा मिळाली ती आमच्याच गावाला. नाना पुण्यातच राहिले, पण निरोप देताना त्यांनी हिरवा झेंडा हलवला. पिरंगुट गेलं, पौड गेलं. मी ऐटीत उठून कंडक्टरला म्हणालो, "करंजखिंड आलं. चढाच्या खाली थांबवा."

"थांबा न्हाई."

"आज मंजूर झाला! साहेबांनी स्वतः सांगितलं!"

"सांगितलं आसंल. पाटी लागंल तवा थांबंल."

मी भांडलो. पाटील भांडले. सारजाबाई जे बोलल्या ते इथं सांगता येणार नाही. आणि मोटार आमच्या सबंध गावाला घेऊन आमच्या सबंध गावातून गेली. दारं बंद होती. बघायलासुद्धा कुणी शिल्लक नव्हतं. खोबऱ्या आंब्याखाली तिनं आम्हाला सगळ्यांना उतरवलं.

गाव बोलत, हसत पुढं चालायला लागलं. मी कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत मागून निघालो. सिंधू पिशवी घेऊन शेजारून चालत होती.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "चालू या की."

"एवढं काय? मग इतके दिवस मी कशासाठी भांडलो? तुझ्यासाठी ना?"

"माझ्यासाठी कशाला? कृष्णाबाईच्या सुनेसाठी चांगलं झालं. मी तर आलेच असते."

मी उभा राहिलो. "आली असतीस म्हणजे? मोटार दारात थांबेल तेव्हाच येणार, असं ठरलं होतं ना?"

"ते नानांनी ठरवलं होतं. त्या दिवशी बसलो तेव्हा गाडी थांबेल की नाही कुणाला ठाऊक होतं? तिकीट आंब्याचंच काढलं होतं आपण."

"मग हे आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आलात तेव्हा नानांना चढ समजावून सांगत होता."

मी इतका संतापलो, की तिच्या हातातली पिशवी हिसकून घेतली आणि तिला मागं टाकून तरातरा पुढं निघालो. फरशीवर घोटाभर पाणी होतं आणि शेवाळ तसंच होतं. म्हणून मग थांबावं लागलं.